आबांच्या डाव्या अंगाची जागा

आधीच सांगते, मी वसमतच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. अमावस्येला चौकातलं लिंबू बिनधास्त ओलांडणारी, वर "उचलून सरबत करू का?" म्हणून नवऱ्याला चिडवणारी बाई मी. तेव्हा खालचं वाचून कुणी हसलं तर माझी काही हरकत नाही... त्यांच्या जागी मीही हसलेच असते.

गोष्ट २००४ सालची. माझे वडील – आम्ही त्यांना आबा म्हणतो – शिरड शहापूरला मेंढरं राखायचे. बांधावरून पडले आणि उजवा खुबा असा मोडला की नांदेडला नेऊन सांधाच बदलावा लागला. ऑपरेशन उत्तम झालं. नंतर चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम तर इतक्या चिकाटीच्या, की त्यांना माझा आजही नमस्कार. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. चालताना टाच आधी टेकवायची. आणि काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. काठी आणि उजवा पाय एकदम पुढे टाकला की नव्या सांध्यावरचा भार हलका होतो.

आबांनी सगळं ऐकलं, काठीचं सोडून. जन्मभर मेंढरं उजव्या हातानं वळवलेली! "डाव्या हातात काठी धरली तर मेंढरं काय म्हनतील?" काठी उजवीकडे, त्यामुळे सगळं धड उजवीकडे कलायचं आणि चाल लंगडीच राहायची. मग घाबरून पुन्हा वॉकर.

इकडे माझा धाकटा भाऊ शिवा एकट्यानं कळप सांभाळून मेटाकुटीला आलेला. दिवाळीपर्यंत आबा मेंढरांमागे चालू लागले नाहीत तर कळप विकायचा, असं ठरलं. ते ऐकल्यापासून आबांचं जेवण अर्ध्यावर आलं. म्हणाले, "मेंढरंच गेली तर चालून जाऊ कुटं?"

दसऱ्यानंतर त्यांना माझ्याकडून गावी नेलं. वॉकरची खटखट ऐकून मेंढरं अशी उधळली की विचारू नका. "वळखंनात मला," म्हणत आबा लहान लेकरासारखे रडले. मग शिवाची अक्कल चालली. कळपाच्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात घंटी असते, तिच्या आवाजामागे बाकीची चालतात. या शहाण्यानं बाजारातून नवी घंटी आणून वॉकरलाच बांधली! मेंढरं आली हो... पण वॉकरला चहूबाजूंनी भिडली, आबा पडता पडता वाचले. मी शिवाला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. घंटी काढली. आबांनी वॉकरही बाजूला ढकलला. "काठी दे," म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. कळपाची जुनी म्होरकी, आबांची लाडकी कारी, ते दवाखान्यात असतानाच मेली होती. तिथे त्यांनी चौकशी केली तेव्हा शिवानं "बराबर हाय" असं ठोकून दिलं होतं.

भर दुपार, लख्ख ऊन. आबांनी काठी घेतली – डाव्या हातात. कुणीही सांगितलं नव्हतं. आधी टाच, मग पंजा, कंबर सरळ. आम्ही दोघं तोंडात बोटं घालून मागे. मेंढरं या खेपेला बिथरली नाहीत, उलट आबांच्या चालीनं हळूहळू चालू लागली. आणि आबांच्या डाव्या बाजूला एक मेंढी मावेल एवढी जागा मोकळी राहिली. आबा वळले की ती जागाही वळायची. बाकीची मेंढरं एकमेकींना रेटत होती, पण त्या जागेत एकीनंही पाय टाकला नाही.

"आबा, डाव्या हातात काठी काहून?" शिवानं विचारलं.

"मंग? कारी आता म्होरं न्हाई पळत. माझ्यासाठी डाव्या अंगानं चालून राहिली. उजव्या हातानं कशी हाकू तिला?"

शिवा पांढराफटक पडला. माझ्याही अंगावर काटा आला, कबूल करते.

कळप विकला नाही. आबा पुढे कितीतरी वर्षं शिवारात हिंडले. तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी त्यांची चाल बघून टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या पेशंटांना बोलावून दाखवली. माझा ऊर भरून आला. त्या वयात, परका सांधा घेऊन नव्यानं चालायला शिकणं काही खायचं काम नाही. मॅडमना मी सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, मन गुंतलं की शरीर आपोआप शिकतं. आबांपुरतं ते मला पटतं. पण मेंढरांचं काय? त्यांना कुणी सांगितलं होतं तेवढी जागा सोडायला?

पुढे एकदा मनाचा हिय्या करून मी आबांना म्हणाले, "आबा, कारी तुमी दवाखान्यात होता तवाच मेली."

आबा शेंगा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक हाय की. मेलेली मेंढी चालून राहिली, अन् मी जिता मानूस काहून बसून राहू?"