माणसं उचलणारा नट

इंदूरची अख्खी मराठी रंगभूमी एका माणसाच्या अंगात मावली होती आणि तो माणूस दिवसा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहायचा, असं मी म्हटलं तर नाटकवाले चिडतील. चिडू देत. मी त्याला राजा झालेला पाहिला, विधवा आत्या पाहिली, आंधळा गवई पाहिला, आणि दर वेळी मध्यंतरात शेजाऱ्याला विचारलं, "आपला नट कधी येणार?" वर्तमानपत्रात छापून यायचं, 'एका भूमिकेत दुसरीचा मागमूस नाही.' खरं होतं. पण त्या भूमिका तो आणायचा कुठून, हे परीक्षण लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. तो माणसं उचलायचा. डॉक्टरचं काम मिळालं तेव्हा काही दुखत नसताना तुकोगंजातल्या एका दवाखान्यात आठवडाभर बाकावर जाऊन बसला. शेवटी डॉक्टरांनी कंटाळून टॉनिक लिहून दिलं. प्रयोगात मात्र त्याने स्टेथोस्कोप गळ्यात टाकताच पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई पिशवीतून आपले रिपोर्ट काढू लागल्या. तेराव्याच्या जेवणातसुद्धा तो यजमानाच्या हुंदक्याकडे इतकं टक लावून बघायचा की बायको चिमटा काढायची, "अहो, जेवा मुकाट्याने."

राजवाड्यामागे माझं कापडाचं दुकान आहे. फुटपाथवर चादरी विकून वर आलेला माणूस मी. घासाघीस करताना डोकं तापतं, ते मी लपवत नाही. मिल सुटली की हा येऊन कोपऱ्यात बसायचा. मला वाटायचं, गप्पांसाठी येतो. मग एका नाटकात त्याने दुकानदार केला. भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कापडाचं अख्खं थान धाडकन मिटायचं, पंख्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "रेने दो, आपके बस का नी है!" सगळा मीच! सभागृह हसून लोळत होतं, माझी बायको सर्वांत जास्त. परीक्षणात आलं, 'नटाच्या अफाट कल्पनाशक्तीचा आविष्कार.' कल्पनाशक्ती! दुसऱ्या दिवशी मी त्याला पायरीवरच गाठला. "चोर आहेस तू!" तो शांतपणे म्हणाला, "भिया, एक बार फिर से बोलो ना. 'चोर' म्हणताना तुमची मान कुठे वळते, ते नीट दिसलं नाही." ती सल अजून गेलेली नाही.

मग मिल बंद पडली. बाजारात परदेशी साबण आणि रंगीत टीव्ही येत होते, आणि मिलच्या गेटाबाहेर माणसं सवयीने रोज जाऊन उभी राहत होती. नाटकमंडळीने त्यावरच नाटक बसवलं. बंद मिलमधल्या विणकराचं काम अर्थातच त्याला दिलं. सगळ्यांना वाटलं, आता कळस चढणार. पण पहिल्या प्रयोगात तो नुसता खांबासारखा उभा. हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. 'विणकर तेवढा खोटा वाटला,' असं छापून आलं. पुढच्या प्रयोगाला दुसरा नट घ्यायचं दिग्दर्शक बोलू लागले.

तो दुपारीच दुकानात आला. मी चिडलोच होतो. "सोळा वर्षं साच्यावर काढलीस, आणि विणकरच नाही जमला?"

"दुसऱ्याला बघता येतं, भिया. स्वतःला कधी बघितलंच नाही." मग म्हणाला, "मिल सुटल्यावर मी इथे यायचो ना, तो कसा यायचो? करून दाखवा."

"मी? गिऱ्हाइकं बसलीत समोर!"

"बसू देत की. तिकीट थोडंच आहे."

मी गादीवरून उठलो, बाहेर गेलो, चपला काढल्या आणि डावा खांदा पुढे टाकत आत आलो. पहिल्याच थानाचा काठ चिमटीत धरला, डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस बोलतो तसं ओरडून म्हणालो, "भिया, इथे धागा तुटला होता. जोडणाऱ्याने काय जोडलाय!" हे सगळं मला येत होतं, याचं मलाच नवल वाटलं. तो भिंतीला टेकून बघत होता, पापणी न हलवता.

"असा?"

"असाच. रोज."

पुढच्या प्रयोगात त्याने रंगमंचावर कापडाचा काठ चिमटीत धरला आणि मागच्या रांगांतले मिलवाले एकेक करत उठून उभे राहिले. परीक्षणंही भरभरून आली. त्यानंतरही तो दुकानात येत राहिला, पण थानांपासून दूर बसायचा. एकदा नवा माल उलगडून मी मुद्दाम काठ त्याच्यापुढे केला. त्याने हात उचलला, तो अर्ध्यावर थांबला.

"नको भिया," तो म्हणाला, "आता ते नाटकातलं वाटतं." आणि हात परत मांडीवर ठेवून दिला.