गोलसमोरची माती

शेजारच्या आजोबांना स्कॉटलंड सोडून उभं आयुष्य झालं, तरी ते अजून तिथल्या एका फुटबॉल मैदानाच्या कठड्याला टेकूनच उभे असायचे. फक्त तो कठडा सिडनीतल्या गिरावीनमध्ये होता, आमच्या दोन बॅकयार्डांच्या मधला, आणि अलीकडे कपडे वाळत घालणारी मी असायचे.

मैदानाचं नाव मी सांगणार नाही. विरुद्ध टीमवाल्यांचे हात लांब आहेत, असं आजोबाच बजावायचे. बाकी सगळं मला पाठ आहे. दगडी घरांच्या रांगांमध्ये कोंबून बसवलेलं मैदान. खाणीतली राख आणि माती टाकून चारी बाजूंना केलेले चढ, त्यावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी. एकच लाकडी स्टँड, त्याचे लोखंडी खांब असे की खांबामागे बसणाऱ्याला एक गोलपोस्ट जन्मात दिसायचा नाही. ती जागा ठरलेल्या माणसांची. ती आरडाओरडा ऐकून शेजाऱ्याला विचारायची, "गेला का?" मैदानाला एका अंगाला उतार. उंच उडालेला बॉल थेट शेजारच्या दफनभूमीत. युद्धाच्या काळात तिथे मेंढ्या चरल्या होत्या, आणि आजोबांच्या मते त्या आमच्या बचावफळीपेक्षा चपळ होत्या. फिरत्या फाटकावरून पोरांना उचलून पलीकडे ठेवलं की तिकीट लागायचं नाही. आजोबांना त्यांचे वडील असेच उचलायचे.

आता तिथे फ्लॅट झालेत. गोलच्या जागी कुणाची तरी गाडी उभी असते.

सप्टेंबर सरता सरता आजोबांनी कठड्यावरून एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. शॉर्टब्रेडचा, वर शिंगं उगारलेलं हरीण.

"हा ठेव, लॅस." पोरीला ते लॅस म्हणायचे. " मुलगी घर रिकामं करतेय. हाताला लागेल ते कचऱ्यात चाललंय. पुढच्या शुक्रवारी मला वृद्धांच्या होममध्ये नेणार आहेत, त्याच्या आदल्या दिवशी येऊन घेऊन जाईन."

"आत काय आहे?"

"माझे वडील," ते म्हणाले. "आणि थोडी पेनल्टी एरियाची माती."

वडिलांची राख त्यांनी भावाच्या मदतीने गुपचूप गोलसमोर पसरली होती आणि तिथलीच माती दोन मोजे भरून सिडनीला आणली होती.

"एअरपोर्टवर?" मी किंचाळले. याच एअरपोर्टवर माझ्या सासूबाईंचं मेतकूट तिघांनी आळीपाळीने हुंगलं होतं.

"त्यांनी बूट बघितले. बूट स्वच्छ होते. मोज्यांचं कुणी विचारलंच नाही."

मी डबा एकदा उघडून बघितला आणि पॅटिओवर पॉटिंग मिक्सच्या पोत्याशेजारी ठेवला. माती मातीजवळ, एवढाच साधा विचार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आले तर घरात उदबत्तीचा घमघमाट. साताऱ्याहून मुक्कामाला आलेल्या माझ्या सासूबाई नव्या साडीत, आणि देवघरासमोर पाटावर घट बसलेला. परडीत माती, मातीत गहू पेरलेले, मधोमध तांब्याचा कलश, त्यावर नारळ, बाजूला अखंड दिवा. मी भक्तिभावाने वाकले आणि वाकल्या वाकल्या ती माती ओळखली. काळी, भुसभुशीत, मध्ये पांढरे कण.

"आई, ही माती कुठली?"

"अगं, तुझ्या त्या पोत्यात नुसता लाकडाचा भुसा. त्यात देवी बसवायची? बाहेर डब्यात सापडली बघ खरी माती. कुणाच्या तरी रानातली आहे. हाताला कळतं."

"आणि डबा?"

"घासून चिवडा भरला त्यात."

नवऱ्याला मी गराजमध्ये ओढून सगळं सांगितलं. त्याने डोकं धरलं. "देवीच्या घटात माणसाची राख? आईला कळलं तर ती आजच्या आज विमानात बसेल."

"मग उचलू या का?"

"घट? दसऱ्याच्या आधी हलवायचा? तूच सांग तिला."

झालं. सासूबाईंना सांगता येईना, आजोबांना तोंड दाखवता येईना. मी सूर्य वर यायच्या आत कपडे वाळत घालायला लागले. गहू मात्र बेशरमपणे उगवले. रोज सकाळी बघावं तर वीतभर उंचीच्या दिशेने निघालेले, पोपटी, टवटवीत. सासूबाई शेजारणींना फोटो पाठवत होत्या. एवढं तरारलेलं धान त्यांच्या उभ्या आयुष्यात आलं नव्हतं.

गुरुवारी आजोबा काठी टेकत पुढच्या दाराने आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टीमच्या रंगांचा मफलर, बाहेर चांगलं गरम असताना.

"वडिलांना न्यायला आलोय."

सासूबाईंनी खुणेनेच त्यांना बूट काढायला लावले, खुर्ची दिली आणि त्याच डब्यातला चिवडा पुढे केला. आजोबा हरणाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी परडीकडे बोट केलं आणि जे घडलं ते इंग्रजीत भडाभडा सांगून टाकलं. दसऱ्यापर्यंत हात लावता येणार नाही, हेही.

ते खुर्चीतून उठून परडीपाशी आले. मग काठीवर भार देऊन वाकले.

"तिथे कधी गवत धरलं नाही," ते म्हणाले. "गोलसमोर नेहमी चिखल. वडील दर शनिवारी शिव्या घालायचे."

"काय म्हणतायत गं?" सासूबाई.

"छान उगवलंय म्हणतात."

"मग रडतायत कशाला?"

"माती त्यांची आहे, आई. त्यांच्या वडिलांच्या मैदानातली. तेवढीच उरलीय."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी परडीकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. मग डोळे बारीक केले. "त्यात पांढरं काय आहे?"

"मैदानावर चुन्याच्या रेषा मारतात ना," मी म्हटलं. नवरा पंखा बघत होता.

आजोबा रिकाम्या हाताने गेले. शुक्रवारी मुलीची गाडी आली. मी कठड्याशी उभी राहून हात हलवला. दुसरं काय करणार होते?

दसऱ्याला घट उठवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चल, त्यांना देऊन येऊ." माती सुटी होईना. मुळं इतकी गुंतली होती की सगळं एकसंध निघालं, परडीच्याच आकाराचं. भोवती दाट हिरवं, मधोमध कलशाच्या बुडाएवढी उघडी काळी माती.

होमच्या दारात नर्सने अडवलं. माती आत चालणार नाही म्हणाली. मग वरून बघून म्हणाली, "ओ, प्लांट आहे? नो वरीज."

आजोबांनी परडी मांडीवर घेतली. हिरव्या कडांवरून बोट फिरवत मधल्या रिकाम्या जागेपाशी थांबले.

"सगळे आलेत," ते म्हणाले. "बघ, चारी बाजूंना गच्च उभे आहेत. टीम तेवढी यायचीय."

सासूबाईंनी चार पाती खुडून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांच्या कानामागे खोवली. त्यांनी कान पुढे केला, जणू दरवर्षीचंच. मग मला विचारलं, "हे किती दिवस टिकेल?"

मला ठाऊक होतं. आठवडाभरात पिवळं पडतं. शिवाय नंतर हे पाण्यात सोडायचं असतं, पॅरामॅटा नदीवरची जागासुद्धा सासूबाईंनी हेरून ठेवली होती. मी त्यांच्याकडे वळले. "आई, विसर्जनाचं काय?"

त्या आजोबांचे परडीभोवतीचे हात बघत होत्या.

"राहू दे त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "देवी उठली. आता ती नुसती माती आहे."

"काय म्हणाली?" आजोबांनी विचारलं.

इतके दिवस या दोघांमध्ये मी हवं ते इकडचं तिकडे करत आले होते. आता दोघंही माझ्याकडे बघत होते.

"रोज थोडं पाणी घाला म्हणाल्या," मी म्हटलं.

आजोबांनी लगेच टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला.