मशीनमध्ये काहीच निघालं नाही

वणीच्या रस्त्यावर कोळशाचा ट्रक उभ्या उभ्या धडधडायला लागला, रेस आपोआप वरखाली व्हायला लागली की ड्रायव्हर लोक एक इलाज करतात. बॅटरीचं टर्मिनल काढायचं, टपरीवर जाऊन चहा प्यायचा, वीस-पंचवीस मिनिटांनी टर्मिनल परत बसवायचं. इंजिनचा कॉम्प्युटर तेवढ्यात सगळं विसरून जातो आणि गाडी शहाण्यासारखी चालू राहते. इकडे याला 'डोकं थंड करणं' म्हणतात. माझ्या बाबांना हा इलाज मीच शिकवला. फोनवर, मोठ्या तोऱ्यात.

मी मिस्तरी आहे. पान्याचा कमी, स्कॅनरचा जास्त. गाडीला आत काय झालं याची नोंद तिचा कॉम्प्युटर ठेवतो, मी वायर लावून ती वाचतो. पण बाबांची गाडी ज्या मॉडेलची होती, तिच्यात टर्मिनल काढलं की ही नोंदही पुसून जायची. म्हणजे तापाची गोळी घेऊन डॉक्टरकडे जायचं, आणि डॉक्टरनं म्हणायचं, ताप कुठं आहे? हे मला चांगलं माहीत होतं. माझं पोट त्याच्यावरच चालतं.

बाबा तेव्हा साठीला टेकले होते. गाडी दुसऱ्याची, पण स्टिअरिंगवर उभा जन्म गेलेला. खाणीतून कोळसा भरायचा, वजनकाट्याच्या लाइनीत लागायचं, खाली करून परत यायचं. आयुष्यात कोणाला साधं खरचटवलं नाही. शुगर होती, पायाला कधीकधी मुंग्या यायच्या, एवढंच. त्या उन्हाळ्यात त्यांची गाडी काट्याच्या लाइनीत उभी असली की रेस चढायची, उतरायची आणि धडकन बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे. कोणीतरी म्हणालं, काकाचा रेसवरचा पाय थरथरून राह्यला. मग काय, लोकांच्या तोंडाला झाकण थोडंच असतं! ते मालकाच्या कानावर गेलं.

मालक माझ्याच वयाचा, माणूस वाईट नाही. एका सकाळी बाबा गाडी घेऊन गॅरेजवर आले आणि मागोमाग मोटरसायकलवर हा. बाबांच्या देखतच मला म्हणाला, "मिस्तरी, तुमचे वडील हायेत थे बाजूले ठेवा. जे असन थे सांगा. गाडीत खराबी असन तं आजच्या आज काम करून घेतो. नसन तं काकाले खाली उतरवा लागते. उद्या कोणाच्या अंगावर गाडी गेली तं मी काय करू?"

बाबा पुढच्या चाकाला टेकून उभे होते. धुतलेला शर्ट घालून आले होते. चेहऱ्यावर काळजी नाही, उलट हसत होते. "लाव बाबू मशीन," म्हणाले, "समजते आता कोणाचा पाय थरथरते तं."

त्या सकाळी येताना रस्त्यात त्यांनी गाडीचं डोकं थंड केलं होतं. गाडी चौकात बंद पडून पोराच्या गॅरेजपुढं तमाशा होऊ नये म्हणून. मला ते माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नाही.

मी वायर लावली. एकही कोड नाही, म्हणजे बिघाडाची एकही नोंद नाही. इंजिन असं चालू होतं की डॅशबोर्डवर भरला कप ठेवला असता तरी चहा सांडला नसता. कोणीही ऐरागैरा ड्रायव्हर आला तरी मी पहिला प्रश्न हाच विचारतो, टर्मिनल काढलं होतं का? त्या दिवशी स्वतःच्या बापाला विचारला नाही. काहून, ते आज सांगतो. मला मालकाला दाखवायचं होतं की हा मिस्तरी बापाचीसुद्धा तरफदारी करत नाही. तेवढ्या एका शाबासकीसाठी!

"मशीनमध्ये काहीच नाही," मी म्हटलं. तिथं तरी थांबायचं ना! कोणी विचारलं नसताना वरून शहाणपण पाजळलं, "गाडी एकदम ओके हाय. बाबाची शुगर वाढली असन, पायाचा अंदाज चुकत असन." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा म्हणजे मी.

बाबांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग केबिनमध्ये चढले, दुपट्टा आणि पाण्याची कॅन घेऊन उतरले, आणि चावी मालकाच्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. ढाब्यावर भाजीत मीठ कमी पडलं तर स्वयंपाक्याला बाहेर बोलावून भांडणारा माणूस तो. मला वाटलं, मानलं त्यांनी. बरं झालं, आता घरी आराम करतील. अक्कल गहाण ठेवली होती मी.

आराम कसला! दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मोटरसायकलची चावी माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "मले आता हँडलवर नको बसवू." बाजारात जायचं तर माझ्या मागं बसायचे, खांदा घट्ट धरून. नंतर पायऱ्या उतरताना थांबायला लागले. कोणत्या पायानं उतरावं याचा विचार करत उभे राहायचे. मी डॉक्टरकडे नेलं. त्यानं तळपायाला टोचून पाहिलं, म्हणाला पाय चांगले आहेत, रोज फिरत जा. बाबांनी मान हलवली आणि घरी येऊन बाजेवर बसले. रोज कामावर जाताना मी त्यांना तसं बसलेलं पाहायचो आणि मनात म्हणायचो, वय झालं. दुसरं काही मनात येतच नव्हतं.

दिवाळीनंतर तीच गाडी टोचन लावून, दुसऱ्या ट्रकमागं ओढत माझ्या दारात आली. नवा ड्रायव्हर जवान गडी. हसत हसत म्हणाला, "डोकं थंड करू करू चालवली इतके दिवस उस्ताद. आज खाणीच्या गेटवर जे बंद पडली, ऐकूनच नाही राह्यली. मंग म्हटलं आता कायले टर्मिनल काढता, टोचनच लावा."

मी वायर लावली. ओळीनं कोड. डिझेलच्या पंपाचा व्हॉल्व अडकत होता. तो अडकला की रेस वरखाली होते आणि गाडी उभ्या जागी बंद पडते. कोणाचाही पाय असो. बाबांचा, त्या पोराचा, नाहीतर माझा. मी तिथंच उलट्या बादलीवर बसलो. ती सकाळ, तो धुतलेला शर्ट, ते हसणं, सगळं एकदम समजलं. इतकी लाज वाटली की त्या पोराकडे पाहवेना. मालकाला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बदलून टाका व्हॉल्व. अन् काकाचं म्हणसान तं आता दुसरा लागला ना कामाले." बैल गेला अन् झोपा केला. त्याला तरी काय म्हणू?

तसाच काळ्या हातानं घरी गेलो. बाबा बाजेवर लसूण सोलत होते, आई जवळच तांदूळ निवडत होती.

"बाबा, गाडी माह्याकडं आणली त्या दिवशी टर्मिनल काढलं होतं का तुमी?"

"काढलं होतं ना. तूच तं सांगतलं होतं."

"मंग मले बोलले काहून नाही?"

"तू विचारलं कुठी? अन् मले वाटलं, मशीनले सारं समजते."

मी त्यांच्यापुढं खाली बसलो. सगळं सांगितलं. व्हॉल्व अडकत होता, तुमचा पाय नव्हता बाबा, चूक माझी होती. बोलता बोलता मला रडू आलं. स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मोबाईलवर काढून आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. इंग्रजी अक्षरं, आकडे. बराच वेळ पाहून मोबाईल परत दिला.

"तवाबी यातच पाहून सांगतलं होतं ना तू?"

"हो, पण बाबा..."

"तवा मालक समोर होता म्हणून खरं बोलला. आता मी आहो समोर."

"आईची शपथ बाबा!"

आईनं सूप खाली ठेवलं. "अवो, पोरगा शपथ घेऊन राह्यला," ती म्हणाली. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायचे तसा. "राहू दे बाबू. मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यला तू, समजते मले. पाय माह्या गेला, त्यात तुह्या काय दोष?"

मग ते उठले आणि भिंत धरत धरत आत गेले. त्या पायाला काहीही झालेलं नव्हतं, आणि ते तो फरफटत नेत होते.