बँकेचा कचरा आणि आमचे भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, बँकेत कारकून आहेत. लग्न नाही, व्यसन नाही, मित्र नाहीत. साहेब "अरे वा" म्हणाले की त्या दिवशी दोन घास जास्त जेवतात. पण इतक्या वर्षांत ते "अरे वा" त्यांच्या वाट्याला फारसं आलंच नाही. आपल्या कामात चुका नसतात म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, असं ते म्हणतात. मला विचाराल तर हा माणूस खुर्चीत बसला काय आणि नसला काय, खुर्ची सारखीच दिसते.

मग बँकेला पर्यावरणाचा पुळका आला. मुख्य कार्यालयातून फर्मान सुटलं, सगळ्यात कमी कचरा करणाऱ्या शाखेला ढाल मिळणार. दर शनिवारी शाखेतला कचरा काट्यावर ठेवायचा आणि वजन वर कळवायचं. साहेबांनी भाऊजींना 'हरित मित्र' नेमलं आणि त्यांच्या छातीवर हिरव्या पानाचा बिल्ला लावला. प्लॅस्टिकचा. भाऊजी तो घरातसुद्धा काढेनात. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "झोपताना तरी काढ रे, टोचेल."

आता कचरा कमी करायचा म्हणजे कागद जपून वापरायचा, चहाचे कागदी कप बंद करायचे, हे तुम्हाआम्हाला सुचेल. तिथे सगळे हुशार! साहेबांनी बैठक घेतली आणि तोडगा काढला: प्रत्येकाने आपापला कचरा संध्याकाळी घरी न्यायचा. टोपल्या रिकाम्या, काटा शून्यावर, काम फत्ते. तो कचरा जाणार कुठे, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. दोन दिवस सगळ्यांनी इमानाने नेला. मग एकेकजण पिशवी विसरू लागला. हरित मित्र होतेच की! कॅशवाल्या बाईंच्या संत्र्याच्या सालींपासून साहेबांच्या चहाच्या कपांपर्यंत अख्ख्या शाखेचा कचरा भाऊजी आमच्या घरी वाहून आणू लागले.

संध्याकाळी आधी डबा बाहेर यायचा, मग दुसऱ्या पिशवीतून यंत्रात कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या, फाटकी पाकिटं, कप. आमची कचऱ्याची बादली भाजीच्या देठांआधीच भरून जायची.

"नोकरी बँकेत आहे की उकिरड्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हे पर्यावरणासाठी आहे."

"आमच्या घराला पर्यावरण नाही का, भाऊजी?" मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं."

खरंच नाही कळलं. अजूनही कळलेलं नाही.

शाखेत झाडलोट करायला एक मावशी होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. टोपल्यांतला कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा करून त्या रद्दीवाल्याला द्यायच्या. बँकेच्या कागदाचा पुन्हा कागद व्हायचा तो तेवढ्याच वाटेने, पण त्याला कुणी ढाल देत नव्हतं. टोपल्या रिकाम्या राहू लागल्या तसा साहेबांच्या डोक्यात नवा प्रकाश पडला. कचराच नाही, तर झाडणारी कशाला? मावशींना महिनाअखेरीपासून यायचं बंद करा म्हणून सांगितलं.

हे आम्हाला जेवताना भाऊजींनीच सांगितलं. "मावशी म्हणत होत्या, साहेबांकडे एक शब्द टाका."

"मग टाकलात?" मी विचारलं.

"ढालीचा निकाल तर लागू दे. आत्ता विषय काढणं बरं दिसत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, शब्द राहू द्या. तुम्ही हा कचरा आणणं थांबवलंत तरी त्या बाईंची नोकरी वाचेल!"

"आणि वजन?" भाऊजी म्हणाले.

चेष्टा नव्हती. त्या माणसाला खरोखरच वजनाची काळजी लागली होती.

ढाल मिळाली. फोटोत साहेब ढाल धरून हसताहेत, आणि अगदी कडेला अर्धा कान आणि तो बिल्ला दिसतो, ते आमचे भाऊजी. तो फोटो त्यांनी चौकटीत बसवून आणला. ढाल पुढच्या वर्षीही राखायची म्हणून कचराही आणत राहिले. मावशी त्याच आठवड्यात घरी बसल्या.

पुढे आमच्या इमारतीत कचरा उचलणारी बाई काम सोडून गेली. सासूबाईंनी भाऊजींचं डोकं खाऊन मावशींचा पत्ता काढला आणि त्यांना ते काम मिळवून दिलं. पगार बँकेच्या निम्मासुद्धा नाही, वर सगळे जिने चढायचे. पहिल्या सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. मी बादली पुढे केली. हाताची सवय जाते कुठे! कागद वेगळा काढायला त्यांनी आत हात घातला आणि तिथेच थांबल्या.

बँकेतले चहाचे कागदी कप. कागदाच्या पट्ट्या. आणि एक लांबलचक, अखंड सोललेली संत्र्याची साल.

"या तर कॅशवाल्या बाई," मावशी हळूच म्हणाल्या. "साल कधी तुटू देत नाहीत."

तेवढ्यात भाऊजी डबा घेऊन दारात आले. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही.

"दादा, हा कचरा तिथेच राहू दिला असता, तर मीही तिथेच राहिले असते."

मावशींनी पायरीवर बसून भाजीच्या देठांतून पट्ट्या उपसून पाहिल्या. सगळ्या भिजलेल्या, रद्दीवाल्यानेही ढुंकून पाहिलं नसतं. त्यांनी सगळं पोत्यात ओतलं आणि वरच्या मजल्यावर गेल्या.

मला वाटलं, आता तरी ह्या माणसाला लाज वाटेल. वाटली असावी. त्या दिवसापासून भाऊजी बँकेचा कचरा घरी आणत नाहीत. मावशींना दिसू नये म्हणून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून येतात.