दादांच्या मापाची चप्पल

तुम्ही कधी अडीच किलो चामडं मांडीवर घेऊन एसटीत बसला आहात का? नसाल, तर माझ्याकडे एवढे किस्से कुठून येतात ते तुम्हाला कळायचं नाही. मी काही मुद्दाम गोळा करत नाही हो! दुपारी दोन तास चपला शिवायला बसते, एवढंच. पण डब्याच्या तळाशी दोऱ्याचे तुकडे साठावेत तसे ते साठत जातात. टाकवत नाहीत, आणि कशाला जोडावेत तेही सुचत नाही.

तर तो एसटीचा दिवस. मी पेणहून रोह्याला परत येत होते. गाडी खच्चून भरलेली, खिडक्या बंद, आणि माझ्या पिशवीतून नव्या चामड्याचा वास सुटलेला. शेजारच्या बाई पदर नाकाला लावून उठल्या. कंडक्टर तिकीट फाडताना दोनदा पिशवीकडे बघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागच्या सीटवरून सुकटीची पाटी घेतलेली एक म्हातारी पुढे वाकली. तोंडभर हसत म्हणाली, "इतकी वर्सा सगली मना बगून नाक दाबतान. आज तू आयलीस, बरा झाला गो बाय!"

*

आमच्या माहेरी हा घरचाच धंदा. पेणच्या बाजारात दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चपलांचं छोटं दुकान होतं. शाळेतून आले की मी पट्टे शिवायला बसायची. दहावी झाली, लग्न होऊन रोह्याला आले आणि चामड्याला भोकं पाडायची आरी हातातून सुटली ती चोवीस वर्षं.

पुन्हा धरली ती दादांमुळे. त्यांचे हात थरथरू लागले आणि त्यांनी काम थांबवलं. स्वतःच्या हातची शेवटची जोडी झिजून गेली. माझी भावजय सुमन त्यांच्याजवळ पेणलाच असते. तिने बाजारातून एकामागून एक तीन जोड्या आणल्या. तिन्ही परत! "हिचा अंगठा बोटाला रागावतो," म्हणे. अंगठा म्हणजे चपलेत पायाचा अंगठा अडकवायची वादी. निम्म्या पेणच्या पायांत ज्यांच्या हातची चप्पल होती, ते माझे दादा निळ्या रबरी स्लिपर घालून बाजारात जायला लागले. मला ते बघवेना. मनाशी ठरवलं, दादा घालतील अशी एक जोडी आपल्या हातून व्हायला हवी. मगच खरं.

घरी असं काही बोलायची सोय नव्हती. माझी मुलगी तेजू कॉलेजात आहे. तिनेच आजोबांना फोनवर सांगून टाकलं, "आजोबा, आईने नवी हॉबी सुरू केलीय, चपला शिवायची!"

"हॉबी म्हंजे काय गो?"

"म्हणजे फावल्या वेळात, आवडीने करायचं ते."

दादा म्हणाले, "मंग त्या घालायच्या पन फावल्या वेळातच का?"

*

आमचे हे धाटावला केमिकल कंपनीत आहेत. एकदा फर्स्ट शिफ्ट करून घरी आले आणि तडक आंघोळीला गेले. मी ओट्यावर पोहे परतत होते. एकदम बाथरूममधून आरोळी!

झालं होतं असं, की चामडं मऊ व्हायला मी ते सकाळी बादलीत भिजत घातलं होतं. दुपारी चामडं काढलं, पण पाणी तसंच राहिलं. चांगलं काढ्यासारखं लालभडक पाणी! यांनी डोळ्यांना साबण लावलेला, हाताला लागली ती बादली घेतली आणि डोक्यावर ओतली.

टॉवेल गुंडाळून बाहेर आले ते कपाळापासून पोटापर्यंत तांबूस. मी घाबरून विचारलं, "आग होतेय का हो?"

"वीस वर्सं केमिकलात काढली," हे म्हणाले, "अंगावर कधी थेंब पडला नाय. कंपनी हेल्मेट देते, ग्लोव्हज देते. तू काय देतेस?"

मी पोहे दिले.

*

पहिली पूर्ण जोडी मी केली ती शेजारच्या वंदनावहिनींसाठी. वहिनी खांब गावच्या, बोलायला मोकळ्या. "माझ्यावर हात साफ कर गो, माझे पाय काय नाजूक नायत!"

मी कागदावर त्यांच्या पायाचं माप घेतलं, कागद चामड्यावर ठेवला आणि रापीने, चामडं कापायच्या सुरीने, झकास कापलं. एक तळ झाला, दुसरा झाला. पट्टे लावले, अंगठा बसवला, शिवलं. आठ दिवस खपले. शेवटी दोन्ही चपला शेजारी शेजारी मांडल्या आणि बघते तर काय, दोन्ही डाव्या! दुसऱ्या पायाला कागद उलटा करायचा असतो, हे दहा वर्षांची असताना मला झोपेतही माहीत होतं.

मी रडकुंडीला आले. वहिनींनी मात्र त्या घातल्या, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "असू दे. देवळात जायला ठेवते."

महिन्याभराने मी विचारलं, "वहिनी, खरंच घालता का हो?"

"घालते म्हंजे! याआधी देवळाबाहेरून माझे तीन जोड गेले. ह्ये कोन नेत नाय!"

*

त्यानंतर मी प्रत्येक काम दादांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला लागले. तेजू फोन धरायची, मी चपला फिरवायची.

"जवळ घे," दादा म्हणायचे. "अजून जवळ. ह्ये कुनी शिवलं?"

"मीच, दादा."

"मला वाटलं उंदरानं."

पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवलं. दादांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "उंदीर सुधारतोय."

*

मग त्यांचं माप घ्यायचं ठरवलं. पण गुपचूप! आधीपासून कळलं असतं तर दादांनी पायच पुढे केला नसता. जन्मभर लोकांचे पाय मापले, स्वतःचा कुणाला मापू दिला नाही. मी पेणला गेले तेव्हा सुमनने वालाचं बिरडं आणि भात केला होता. जेवून दादा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागले. सुमन दारात पहाऱ्याला. मी हळूच त्यांच्या पायाखाली पेपर सरकवला आणि पेन फिरवायला लागले. टाचेपर्यंत छान पोचले.

डोळे मिटलेलेच ठेवून दादा म्हणाले, "पेन सरळ धर. तिरकं धरलंस तर माप वाढतं."

एवढं बोलून त्यांनी दुसरा पाय आपणहून पुढे केला आणि घोरायला लागले.

*

जोडी व्हायला दोन महिने लागले. एका शनिवारी ती घेऊन मी पेणला गेले. दादांनी चपला हातात घेतल्या. तळ वाकवून पाहिला, वास घेतला, शिवणीवरून नख ओढलं. मी दहावीच्या निकालाला उभी होते तशी उभी. दादांनी दोन्ही चपला जमिनीवर मांडल्या आणि म्हणाले, "चा आण गो सुमन."

सुमनला राहवेना. "अहो दादा, काहीतरी बोला की! ताई रोह्याहून आल्यात."

"चपलेवर बोलायचं नसतं. घालून बघायची असते."

"मग घाला की!"

"आज शनवार हाय. शनवारी नवं चामडं पायात घालत नायत."

मी आणि सुमन एकमेकींकडे बघतच राहिलो. जन्मभर शनिवारी दुकान उघडं ठेवणारा माणूस! पण पुढे बोलायची टाप नव्हती. त्या दिवशी मी तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं, तर एका चपलेची सगळी शिवण उसवून ती ओटीवर ठेवलेली होती, शेजारी माझ्यासाठी मेण लावलेला दोरा होता, आणि दुसरी चप्पल पायात घालून, एक पाय अनवाणी, दादा नाक्यावर चहा प्यायला गेले होते.