केसाहून बारीक तार

माझ्या धाकट्या भावाला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचा डावा हात गेला. बोलणंही जड झालं. त्याआधी कितीतरी वर्षं तो म्हैसुरातल्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. लग्नाच्या रिसेप्शनला, गणपतीच्या मांडवात, हॉटेलांत. त्याने लग्न केलं नव्हतं, मीही नाही. एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमधून मी नुकतीच निवृत्त झाले होते. दवाखान्यातून त्याला चामराजपुरमच्या घरी आणलं आणि आम्ही दोघं पुन्हा लहानपणासारखे एका छताखाली राहू लागलो. फरक एवढाच, की आता तो बोलत नव्हता. खिडकीपाशी बसायचा. व्यायाम करून घेणारी बाई आली की भिंतीकडे तोंड करायचा.

एका संध्याकाळी त्याने आपणहून गिटार मागितली. मी ती त्याच्या मांडीवर ठेवली, वायर अँप्लिफायरला जोडली. उजव्या हाताने त्याने मोकळ्या तारा छेडल्या. अँप्लिफायरमधून नुसती घरघर आली. त्याने पुन्हा छेडल्या, बटणं फिरवली.

"अक्का, ही पण होय्तु," तो म्हणाला. म्हणजे हीसुद्धा गेली. "ठेव आत."

त्याच्या हातासाठी मला काही करता येत नव्हतं. गिटार मात्र मी दुसऱ्या दिवशी उघडली. तारांखाली पिकअप नावाची एक पट्टी असते. तिच्यात सहा छोटे लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की त्या वेढ्यांत वीज उमटते आणि तिचा पुढे आवाज होतो. मी मल्टिमीटर लावून पाहिला. गुंडाळी आतून कुठेतरी तुटली होती. घामाने, दमटपणाने तार कुजली असावी. ती सगळी काढून नवी गुंडाळायची, एवढंच काम होतं. लॅबमध्ये मी मुलांसाठी अशा गुंडाळ्या केल्या होत्या, पण त्या जाड तारेच्या. ही तार केसाहून बारीक होती.

मी मोटर रिवाइंडिंगची दुकानं पालथी घातली. पंख्याची, मिक्सरची, पंपाची तार सगळीकडे होती. तुटलेल्या तारेचा तुकडा मी कागदात चिकटवून नेला होता. दुकानदार तो उजेडात धरून बघायचे आणि परत द्यायचे. एकाने विचारलं, "अम्मा, हे कशाचं?" मी गिटार म्हटल्यावर तो म्हणाला, "मग नवीनच घ्या ना." त्याचं चुकलं नव्हतं. पण माझ्या भावाचे हात त्या गिटारवर झिजले होते. त्याला नवीन गिटार नेऊन द्यायचा विचारही मला सहन होईना.

इंटरनेटवर गिटार दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचे गट असतात. तिथे मी विचारलं. अमेरिकेहून, इंग्लंडहून उत्तरं आली, अमुक दुकानातून मागवा म्हणून. मग माझं आडनाव आणि गाव बघून एक उत्तर चक्क मराठीत आलं. "आपण म्हैसुरात कुठे असता? मी बोगादीत राहतो."

ते गृहस्थ पुण्याचे होते. बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आले होते. मुलगी आणि जावई सकाळी कामावर गेले की दिवसभर घरात एकटे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. पिकअप गुंडाळायला आवडायचं, बस. एका जुन्या शिलाई मशीनची मोटर लावून त्यांनी गुंडाळायचं यंत्र बनवलं होतं, वेढे मोजणारं मीटर जोडून. बनवलेले पिकअप एका डब्यात पडून होते. वाजवून बघायला ओळखीचं कोणी नव्हतं.

"ताई, तुमच्या मराठीत निम्मं कन्नड आहे," ते पहिल्याच भेटीत म्हणाले.

"आमच्या घरात असंच बोलतात. कळतंय नव्हे तुम्हाला?"

"कळतंय. बोलत राहा. इथे दिवसदिवस मराठी कानावर पडत नाही."

इथे तार कुठे मिळेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण नंजनगूडला रिले, म्हणजे बारीक तारेच्या गुंडाळीवर चालणारे विजेचे स्विच, बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे चौकशी करू, असं त्यांनी सुचवलं. आम्ही दोघं बसने गेलो. कारखान्यातल्या सुपरवायझरने आधी हात झटकले. सुटी तार विकत नाही म्हणाला. मी भावाची हकिगत सांगितली. ती ऐकून तो आत गेला आणि शेवटाला आलेलं एक रीळ घेऊन आला. त्याच्या वडिलांनाही असाच झटका आला होता, एवढंच तो बोलला.

बोगादीच्या त्या घरात आम्ही कामाला लागलो. त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं. म्हणून यंत्र ते चालवायचे आणि तार मी चिमटीत धरायची. जरा ताण जास्त झाला की तार तुटायची, आणि तुटलेली कळायचीही नाही, रिकाम्या हवेत चिमूट धरून बसल्यासारखं व्हायचं. पुन्हा सगळं उलगडायचं. बरीच तार अशी वाया गेली. शेवटी एक गुंडाळी पुरी झाली आणि रीळही संपलं.

मी त्यांनाही घरी बोलावलं. त्यांना गिटार ऐकायची होती. पिकअप बसवला, गिटार भावाच्या मांडीवर दिली. त्याने तारा छेडल्या. स्वच्छ, मोठा आवाज आला. मला रडू येईलसं वाटलं.

भावाने हात तारांवर ठेवून आवाज बंद केला.

"हा माझा आवाज नव्हे. चिरका आहे. डबा वाजतोय."

"अरे, एवढ्या लांबून आलेत ते," मी म्हटलं.

"मी सांगितलं होतं का? बेड, नको म्हटलं होतं. तुम्ही सुम्ने, उगाच आपली हौस करताय माझ्या गिटारवर."

झटक्यानंतर तो पहिल्यांदा इतकं बोलला होता, आणि ते हे. पाहुण्यांचा चेहरा उतरला. मी स्वयंपाकघरात गेले. कॉफी करायची होती, पण गॅस न पेटवताच उभी राहिले. बाहेरून त्या गृहस्थांचा आवाज ऐकू आला. "चिरका म्हणजे वरच्या तारा की सगळ्याच?" भाऊ म्हणाला, "वरच्या. आणि जाड तारांना पोट नाही."

"वेढे कमी पडलेत," ते म्हणाले.

आम्ही पुन्हा नंजनगूडला गेलो. तो सुपरवायझर नोकरी सोडून गेला होता. वॉचमनने फाटक उघडलं नाही. परतीच्या बसमध्ये, बोगादीला उतरायच्या आधी ते म्हणाले, "माझ्याकडे एक रीळ आहे. पुण्यात मिळालं होतं, ते दुकान आता बंद झालं. पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. द्यायला जीव होत नव्हता."

मला राग आला होता, आणि ते देतायत याचं ओझंही वाटत होतं.

दुसरी गुंडाळी सावकाश केली. या वेळी भावाने गिटार घेतल्यावर आम्ही दोघं दाराशीच उभे राहिलो. त्याने एकेक तार छेडली, आवाज पुरता विरेपर्यंत थांबला, मग पुढची. डावा हात मांडीवर तसाच पडला होता.

"हां," तो म्हणाला. "हीच."

पुढच्याच आठवड्यात ऑर्केस्ट्रातला त्याचा जुना सोबती घरी आला. भावाने त्याला बोलावलं होतं, मला न सांगता. सोबती निघाला तेव्हा गिटार त्याच्या खांद्यावर होती.

मी भावाला बोलले. जे सुचलं ते बोलले. एवढी पायपीट मी कशासाठी केली, हे विचारलं. मला वाटलं होतं, ती वाजू लागली तर तो एका हाताने का होईना वाजवेल, खिडकी सोडेल.

"मला द्यायचीच होती, अक्का," तो म्हणाला. "मुकी कशी देऊ?"

त्यानंतर कित्येक दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. बोगादीच्या गृहस्थांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "मी डब्यातले पिकअप घेऊन येऊ का? एक साधी गिटार मिळवतो. तुमच्या भावाने नुसतं ऐकून सांगायचं."

भावाला विचारलं. त्याने खांदा उडवला.

ते येतात. भाऊ कधी ऐकतो आणि तोंडावर वाईट सांगतो, ते लिहून घेतात. कधी दोघांचं वाजतं आणि ते कॉफी अर्धी टाकून उठतात. कधी सकाळपासूनच तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मग मी बोगादीला फोन लावते आणि आज नको म्हणून सांगते. ते बरं म्हणतात. मात्र फोन लगेच ठेवत नाहीत.