धक्क्यावरची जीप

नव्वदच्या दशकात मी सुरतेला कतारगाममध्ये खोली घेऊन एकटाच राहायचो. बायको-मुलं अमळनेरला, त्यांना सुरत मानवली नाही. दिवसभर कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात कुणाशी बोलणं व्हायचं नाही आणि खोलीवर बोलायला कुणी नव्हतं. होती ती एक जुनी, छोटी डिझेल जीप. संध्याकाळी मी तिला ग्रीस भरायचो, नट आवळायचो. सुट्टीला कामरेजकडे तापीच्या वाळूत घालायचो. वाळू उडवत ती चढ चढली की बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणायचो, "बघितलंस?"

बॅटरी मात्र मेलेली. निघताना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे हाक मारायची. आमच्याच खानदेशातले लूम कामगार हातातले कप ठेवून यायचे आणि जीपला शिव्या घालत ढकलायचे. "दादा, भंगारात द्या हिला!" मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचो, जीप काळा धूर ओकत सुरू व्हायची आणि सगळे एकदम ओरडायचे. आठवडाभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी मेकॅनिकनं कटकट करून नवी बॅटरी बसवायला लावली. पुढच्या सुट्टीला किल्ली फिरवली, तर जीप पहिल्याच झटक्यात सुरू. टपरीवर कुणी मानसुद्धा वर केली नाही. असा संताप आला त्या बॅटरीचा! मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली आणि टपरीकडे तोंड करून ओरडलो, "अरे, या रे कुणीतरी! धक्का द्या!"